लांडग्याच्या चेरी

ओव्हरफेन, ९ जून १६६३

बाबा,

तुम्ही हँबुर्गला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. वाटेत बोट लागली, यजमान व्यापारी भला माणूस आहे, खोलीला उत्तरेचा उजेड आहे, सगळं वाचलं. तुम्ही बागेचं विचारलंत, म्हणून आधी बागेचं लिहिते.

सगळे जिवंत आहेत. दिवड कात टाकून लखलखीत झाली आहे आणि दगडी कुंडाच्या काठावर दिवसभर ऊन खात पडलेली असते. तिला खायला घालायची मला अजून भीती वाटते, पण घालते. दोन्ही सरडे दिसतात. भेक पाण्याच्या पिंपामागे राहायला गेलाय, रात्रभर डरांव डरांव करतो. एक गोगलगाय तुमच्या बागेतल्या टोपीत सापडली. तिला तिथेच राहू दिलं, टोपी कुणी वापरत नाही.

चित्र वरच्या खोलीतच आहे. मागचा काळा रंग पूर्ण वाळला. डाव्या कोपऱ्यातलं शेवाळ तुम्ही शिकवलंत तसं केलं, खरं शेवाळ हिरव्यात बुडवून हलक्या हातानं ठोकलं. चांगलं उतरलंय. अळंबीच्या शेजारच्या पतंगाचे पंख पुढच्या आठवड्यात दाबून उमटवीन. मधली जागा तुम्ही खडूनं आखून गेलात तशीच ठेवली आहे.

आईच्या कबरीवरच्या फरशीसाठी पाथरवट आला होता. नावाखाली काय कोरायचं म्हणून विचारत होता. मी म्हटलं, वडील परत आले की सांगतील. "कधी येणार?" म्हणाला. मला सांगता आलं नाही. दफनानंतरचा रविवारसुद्धा तुम्ही इथे काढला नाहीत. मी रागावलेली नाही. कामाचं बोलावणं होतं.

एक विचारायचं होतं. कुंपणाजवळ तुम्ही लावलेलं ते झाड, ज्याला लोक लांडग्याच्या चेरी म्हणतात, ते आता माझ्या खांद्याएवढं झालंय आणि फुलांवर आलंय. शेजारची फेमके कुंपणाच्या फटीतून रोज आत येते. पाच वर्षांची पोर, भेकाशी गप्पा मारत बसते. फुलांचं काही नाही, पण फळं धरतील तेव्हा? तुम्ही हो म्हटलंत तर उपटून टाकते.

तुमची
हेस्तर


ओव्हरफेन, २ जुलै

बाबा,

पत्र मिळालं. झाडाला हात लावायचा नाही, हे कळलं. फळं पिकून काळी झाली की तुम्ही परत येणार, त्यांच्यावरूनच चित्राची मधली जागा भरणार, आणि तसल्या रंगाचं दुसरं काही या देशात उगवत नाही, हेही कळलं. "पोरीला आवरणं हे तिच्या आईचं काम आहे" असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य मी तिच्या आईला, नेलला, वाचून दाखवलं नाही.

कुंपणाची फट मी दोरीनं बांधली. फेमकेनं ती दुसऱ्या दिवशी सोडवली. मी काट्या लावल्या, तर खालून सरपटत आली. मग नेलकडेच गेले. ती मैदानावर लिनन पसरत होती. यंदा त्यांच्याकडे धुलाईला इतकं कापड आलंय की ओव्हरफेनभर बर्फ पडल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, "नेल, फेमकेला आमच्या बागेत येऊ देऊ नकोस. एक झाड वाईट आहे तिथे."

ती कमरेवर हात ठेवून हसली. "झाड? अगं पोरी, तुमच्याकडे साप पाळलाय आणि तू मला झाडाची भीती घालतेस? तुझे बाबा असते तर म्हटलं असतं, सापाला आमच्याकडे पाठवा, उंदीर फार झालेत."

"मी चेष्टा करत नाहीये."

"बरं बाई, सांगते तिला. ती माझं ऐकते असं तुला वाटत असेल तर तुझं लग्न होऊन मुलं व्हायला हवीत लवकर."

मी परत आले. झाड कोणतं ते तिला जागेवर नेऊन दाखवायला हवं होतं. तिचे हात ओले होते, तिचा नवरा रोम्बाउट पलीकडून हाका मारत होता, आणि मीही घाईत होते. पंखांचं काम रंग वाळायच्या आत करायचं होतं ना.

ते चांगलं झालं. पंख ओल्या रंगावर दाबला, बोटानं नुसता श्वासाइतका भार दिला आणि उचलला. सगळी भुकटी रंगावर राहिली, डोळ्यासारखा तो ठिपकाही. मग मी त्याला धड आणि मिशा काढल्या. आता तो बसलाय असं वाटतं, हात जवळ नेला तर उडेल.

आईबद्दल तुमच्या पत्रात एक ओळ नाही. दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

हेस्तर


ओव्हरफेन, २० ऑगस्ट

बाबा,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

काल दुपारी मी वर होते. नेलची किंकाळी ऐकली. खिडकीतून पाहिलं तर रोम्बाउट फेमकेला उचलून आपल्या कुंडाजवळून धावत निघालेला. पोरीचा एक बूट मागे पडला होता. दिवड काठावर नेहमीसारखी पसरलेली होती. मी खाली पळत गेले.

त्यांच्या घरी पोचले तोवर चार लोक जमले होते. गावचा न्हावीही आला होता, रक्त काढतो तो. पोरीचा पाय त्यानं मांडीवर घेतला होता आणि घोट्याजवळच्या ओरखड्याकडे बोट दाखवून म्हणत होता, "हे बघा, इथे चावलाय." चुलीत सळई तापत घातली होती. नेल दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मी फेमकेकडे पाहिलं. चेहरा लालबुंद, अंग तव्यासारखं कोरडं आणि तापलेलं. डोळे उघडे होते, पण डोळ्यांतला निळा रंग कुठे गेला कळेना, नुसती काळी भोकं. हवेतलं काहीतरी चिमटीत पकडत होती आणि हसत होती. ते हसणं मी आयुष्यात विसरणार नाही. ओठांवर जांभळा डाग होता.

मी म्हटलं, "साप नाही. सळई काढा ती. तिनं फळं खाल्ली आहेत."

न्हावी म्हणाला, "कसली फळं?"

"लांडग्याच्या चेरी. आमच्या कुंपणाजवळ आहेत. ओठ बघा तिचे."

त्यानं तिचे ओठ पाहिले, बोटानं जीभ बाहेर ओढून तीही पाहिली, आणि सळई चुलीबाहेर ओढली. भला माणूस, हुज्जत घातली नाही. "कोमट दूध आणा," म्हणाला, "आणि साबण. पोट रिकामं करायला हवं." पोरीला गिळता येत नव्हतं. रोम्बाउटनं जबडा धरला, मी नाक धरलं, न्हाव्यानं ओतलं. सगळं आमच्या अंगावर आलं. त्यात काळी सालं होती आणि बी होतं. पुन्हा ओतलं. पुन्हा आलं. नेल तेवढ्यात पहिल्यांदा बोलली, "अजून घाला."

पोर जरा थंडावल्यावर रोम्बाउट उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तुम्हाला माहीत आहे, तो आवाज चढवणारा माणूस नाही.

"ते झाड आपोआप आलं?"

"नाही."

"मग कुणी लावलं?"

"बाबांनी."

"विषारी आहे हे त्यांना ठाऊक होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो."

"तुला?"

"मलाही."

त्यानं हातानं दाराकडे दाखवलं. मी बाहेर आले. हार्लेमहून डॉक्टर आला आणि अजून तिथेच आहे. मी कुंपणापाशी उभी राहून त्यांच्या खिडकीकडे बघते, आत काय चाललंय ते दिसत नाही.

या. हे पत्र मिळताच निघा.

हेस्तर


२४ ऑगस्ट

बाबा,

फेमके जगली. आज सकाळी तिनं आईला ओळखलं आणि ताक मागितलं. डॉक्टर म्हणाला, पोट वेळेत रिकामं झालं म्हणून. पडद्यावर साप चढतायत म्हणून ती अजून मधेच ओरडते. ते जाईल म्हणतात.

नेलनं हे सगळं मला कुंपणापलीकडून सांगितलं. माझ्याकडे न बघता, पण सांगितलं.

झाड मी उपटलं. मुळासकट. मूळ गाजरासारखं जाडजूड आणि खोल होतं, फावडं घेऊन खणावं लागलं. मग जाळलं. तुमची परवानगी मागायला थांबले नाही.

आता दुसरं. काल संध्याकाळी धुलाईच्या मैदानावरचे पुरुष आले. कापड पिळायचे दांडे हातात. मी दारात उभी राहिले. म्हटलं, "सापानं काही केलं नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याला विषच नाही." त्यांतला एक, रोम्बाउटचा चुलतभाऊ, म्हणाला, "माहीत आहे." आणि मला बाजूला सारून आत गेला.

दिवड पळालीसुद्धा नाही. दांडा बघून डोकं वर केलं. तुम्ही खायला घेऊन जायचात तेव्हा करायची तसं. सरडे कुठे दडले कळलं नाही, त्यांनी दगड उलटेपालटे करून शोधले. नेचे तुडवले, अळंबीचं लाकूड फोडलं. भेक पिंपामागे होता, तो वाचला. रोम्बाउट त्यांच्यात नव्हता. तो आपल्या मैदानावर उभा राहून सगळं बघत होता. त्यानं त्यांना थांबवलं नाही आणि मीही त्याला हाक मारली नाही.

गंमत अशी की मला रडू आलं ते सापासाठी. पोरीसाठी इतके दिवस डोळ्यांत टिपूस नव्हतं. मेलेल्या सापापुढे बसून ढसाढसा रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

तुम्ही निघालात ना?

हेस्तर


ओव्हरफेन, १२ सप्टेंबर

बाबा,

तुमचं पत्र परवा आलं. मी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, मलाच नीट लागलं नसेल.

तुम्ही येत नाही. यजमानांचं काम अर्धवट टाकता येत नाही. ठीक. झाड उपटलं म्हणून तुम्ही मला मूर्ख म्हणालात. तेही ठीक. "चित्राचं काळीजच तू जाळलंस" असं लिहिलंत. त्यावर मी काही बोलत नाही.

पण त्यापुढचं. रोम्बाउटनं नगरपंचांकडे तक्रार केली तर मी तिथे सांगायचं की झाड आईनं लावलं होतं. पोटदुखीवर लेप करायला. "तिला आता काय फरक पडतो," असं तुम्ही लिहिलंत, "मेलेल्या माणसाला कुणी बोलावत नाही आणि दंडही करत नाही. तिनं मला आयुष्यभर सांभाळून घेतलं, हेही घेतलं असतं."

बाबा, हे तुम्ही कुठल्या तोंडानं लिहिलंत?

आईला ते झाड बघवत नसे. तुम्ही ते लावलंत तेव्हा ती आजारी नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "वेसल, घराजवळ नको." तुम्ही म्हणालात, "कुंपणाच्या सावलीतच जगतं ते, हिल्ले." संपलं. तुमचं बोलणं झालं की आमच्याकडे विषय संपायचा. आणि आता ती जमिनीखाली आहे, कबरीवर अजून कोरी फरशी आहे, आणि त्या कोऱ्या फरशीवर तुम्ही हे कोरायला निघालात?

ती सांभाळून घ्यायची हे खरं आहे. सापांच्या भीतीनं आमच्याकडे कुणी जेवायला यायचं नाही, तरी म्हणायची, माझ्या नवऱ्याला माणसांची गर्दी सोसत नाही. तुमच्या बाहीवर रंग असायचा आणि चर्चमध्ये लोक बघायचे, तर तो झाकायला ती त्या बाजूला बसायची. म्हणून ती आता हेही सांभाळेल असं तुम्हाला वाटतं. मी नाही तसं करू देणार.

रोम्बाउट तक्रार करून आलाय. त्या आधी तो इथे आला होता, ते सांगायचं राहिलं. संध्याकाळची वेळ होती. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "ते चित्र बघायचंय. ज्याच्यासाठी झाड होतं ते."

मी त्याला वर नेलं. वाटलं, पाय घालेल त्यात. मी मनाशी ठरवलं होतं, घातला तर घालू द्यायचा. तो बराच वेळ उभा होता. त्याचे हात क्षाराच्या पाण्यानं भेगाळलेले, ते मागे बांधून. चित्रातल्या सापाकडे बघितलं, पतंगाकडे बघितलं. तुम्ही जायच्या आधी बाजूला सराव म्हणून रंगवलेली एकच फांदी होती, गेल्या वर्षीच्या फळांवरून. दोन फळं. तिच्यापाशी थांबला.

"हीच?"

"हो."

"खोटी वाटत नाहीत."

काळ्या फळावर खिडकीचा एवढासा उजेड तुम्ही ठेवला आहे. ती ओली दिसतात, गोड दिसतात. मलाही त्या क्षणी हात पुढे करावासा वाटला.

रोम्बाउट म्हणाला, "इतकं सुंदर करायची काय गरज होती?"

मग खाली उतरला, दारात पुन्हा टोपी घातली आणि गेला. तुम्हाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर सुचत असेल तर कळवा. आईबद्दल मात्र पुन्हा काही लिहू नका.

हेस्तर


ओव्हरफेन, ३० सप्टेंबर

बाबा,

काल सुनावणी झाली.

मला वाटलं होतं, मोठी खोली असेल. लहानशीच होती. तीन पंच, एक लिहिणारा, आणि बाकांवर अर्धं ओव्हरफेन. नेल शेवटच्या बाकावर बसली होती, फेमके मांडीवर. पोर बारीक झालीय, पण गाल पुन्हा गुबगुबीत व्हायला लागलेत. मला बघून तिनं हात हलवला. नेलनं तो हात खाली केला नाही.

मधल्या पंचानं विचारलं, "झाड कुणी लावलं?"

मी म्हटलं, "माझे वडील वेसल यांनी. चित्र काढायला."

"घरातल्या आणखी कुणाचा त्यात हात होता?"

"नाही. आईनं तेव्हाच नको म्हटलं होतं."

एवढं बोलून झाल्यावर मला वाटलं, सुटले. पण तो म्हणाला, "झाड घातक आहे हे तुम्ही वडिलांना कळवलं होतं?"

"जूनमध्ये पत्र लिहिलं. उपटू का विचारलं."

"ते काय म्हणाले?"

"नको म्हणाले."

"म्हणून तुम्ही उपटलं नाही."

"नाही."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमचं वय काय?"

"सव्वीस."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. पंच हसला नाही. म्हणाला, "सव्वीस वर्षांची बाई आणि एक झाड उपटायला बापाची परवानगी." लिहिणाऱ्यानं तेही लिहून घेतलं की काय, माहीत नाही. मी खाली बघत होते. मला राग यायला हवा होता, पण तो माणूस खरं बोलत होता.

मग रोम्बाउटला विचारलं, त्याला काय हवंय. सगळ्यांना वाटलं, दंड मागेल, डॉक्टरचा खर्च मागेल. तो उठला. म्हणाला, "मला काही नको. तो माणूस समोर यावा. आमच्या पोरीला बघावं त्यानं. चित्रात ज्या डोळ्यांनी भेकाला बघतो ना, तसं बघावं. मग काय करायचं ते मी बघेन."

पंचांनी आपसांत कुजबुज केली. मग मला विचारलं, "वडील कुठे आहेत?"

बाबा, त्या वेळी मागच्या बाकावर फेमके अंगठा चोखत होती तो आवाज मला येत होता. मी म्हटलं असतं, हँबुर्गला आहेत, एवढंच माहीत आहे. मोठं शहर आहे. तुम्ही कायमचे तिथे राहिला असता आणि कुणी शोधलं नसतं. मला ते ठाऊक होतं आणि तुम्हालाही ठाऊक आहे, तुम्ही म्हणूनच येत नव्हता.

मी पत्ता सांगितला. रस्ता, घर, यजमानांचं नाव. सगळं. लिहिणाऱ्याला यजमानांचं नाव लिहायला जमेना, ते मी अक्षर अक्षर सांगितलं.

त्यांचं बोलावणं माझ्या पत्राच्या आधी पोचेल किंवा मागाहून. आलात तर पंच तुमचं ऐकून घेतील, सुटका होईल की नाही ते मला माहीत नाही. आला नाहीत तर या प्रांतात परत पाऊल टाकता येणार नाही, घर विकलं जाईल. मी मावशीकडे हार्लेमला जाईन. चित्राचं काय करायचं ते तुम्ही आल्याशिवाय मी ठरवणार नाही.

तुम्ही मला मुलगी म्हणणार नाही आता. मला माहीत आहे. आई तुमच्यासाठी खोटं बोलली असती. मी आईवर गेले नाही, एवढंच म्हणा.

परतताना नेल रस्त्यात माझ्याबरोबर चालली. पुलापाशी ती म्हणाली, "तुझ्या बाबांचं सांगितलंस. कठीण गेलं असेल."

मी म्हटलं, "तू मला बोल ना काहीतरी. शिव्या दे."

"देणार होते," ती म्हणाली. "पण तू तिचं नाक धरून बसली होतीस ना, ते मला सारखं दिसतं. मधेच अडकते शिवी."

हेस्तर


ओव्हरफेन, २७ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र टपालानं येत नाहीये. नेल बाजाराला निघाली आहे, ती तुमच्या खाणावळीत देईल. म्हणजे तुम्ही वाचाल तेव्हा मी तुमच्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असेन.

तुम्ही हार्लेममध्ये आहात हे मला रोम्बाउटकडून कळलं. तुमच्याकडून नाही. काल संध्याकाळी तो कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "तुझे बाबा आलेत. मघाशी आमच्याकडे होते."

मी हातातली बादली खाली ठेवली. विचारलं, "काय झालं?"

तो सांगायला बसला. इतकं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही दार वाजवलंत, त्यानंच उघडलं. तुम्ही इतके वाळलात की आधी ओळखलं नाही. त्याला वाटलं होतं, तुम्ही सारवासारव कराल. तुम्ही विचारलंत, "पोर कुठे आहे?" त्यानं बोट दाखवलं. फेमके जमिनीवर बसून वाटाणे सोलत होती. तुम्ही तिच्यासमोर जमिनीवर बसलात. तिनं तुम्हाला विचारलं, "भेक कुठे गेला माहीत आहे का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "नाही. मी इथे नव्हतो." तिनं सांगितलं, पिंपामागे. मग तुम्ही बराच वेळ नुसतेच बसलात, तिच्याकडे बघत. तिनं शेंगा तुमच्यापुढे सरकवल्या आणि तुम्ही सोलायला लागलात.

रोम्बाउट म्हणाला, "मी मुठी आवळून उभा होतो. मारायचंच ठरवलं होतं. पण म्हातारा वाटाणे सोलतोय आणि रडतोय, त्याच्यावर हात कुठून उचलू?"

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले?"

तो घुटमळला. "तुझ्या घराकडे बघितलं त्यांनी. दिवा होता वर. मग मला खाणावळीचं नाव दिलं आणि म्हणाले, तिला सांगू नका. आणि शहराच्या रस्त्याला लागले."

बाबा, उद्या सुनावणी आहे. तुम्ही तिथे काय सांगणार मला माहीत नाही. खरं सांगाल असं वाटतं, पण वाटण्यावर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही. आईबद्दलचं तुमचं ते पत्र माझ्या मनातून गेलेलं नाही आणि जाईल असं आज तरी वाटत नाही. उद्या मी तुमच्या शेजारी बसेन की नेलच्या, हेही ठरलेलं नाही. कृपा करून तसं वचन मागू नका.

पण माझ्या भीतीनं तुम्ही खाणावळीतल्या ढेकणांत झोपावं, हे मला पटत नाही. तुमचा बिछाना घातला आहे. चुलीवर माशाचं कालवण आहे, दोघांपुरतं. रात्री मी जागी असेन, म्हणून दार वाजवायची गरज नाही, सरळ आत या. काही बोलायचं नसेल तर बोलू नका. नुसते जेवा.

हेस्तर